एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठी नियतकालिकांतील राजकीय व्यंगचित्रे व उपहासलेखन

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या तीन-चार दशकांत महाराष्ट्रातून निघणाऱ्या नियतकालिकांत राज्यकर्ते, संस्थानी कारभारी, सनातनी आणि सुधारक अशा सर्वांविषयी चित्रांतून व लेखांतून थट्टा, उपहास आणि उपरोध प्रसिद्ध होत असे. लंडनच्या 'पंच' या विनोदी साप्ताहिकाच्या धर्तीवर ठाण्यास 'हिंदू पंच' व मुंबईस 'पारसी पंच' (पुढे 'हिंदी पंच') ही पत्रे निघाली. मराठीत मात्र या काळातील उपहासाचे मुख्य साधन चित्र नसून शब्द हे होते. विष्णुशास्त्री चिपळूणकर, गोपाळ गणेश आगरकर, जोतीराव फुले आणि शतकाच्या शेवटी शिवराम महादेव परांजपे यांच्या लेखनात त्याचे निरनिराळे नमुने आढळतात. १८७० मध्ये भारतीय दंडविधानात राजद्रोहाचे कलम आल्यानंतर सरळ टीका करणे धोक्याचे झाले. वाकड्या वाटेने बोलण्याची कला त्याच काळात वाढीस लागली आणि अखेर न्यायालयांनी त्या वाकड्या बोलण्याचाही अर्थ लावण्यास सुरुवात केली. राजकीय उपहास आणि राजद्रोहाचा कायदा यांचा इतिहास म्हणूनच एकमेकांपासून वेगळा काढता येत नाही.

'पंच' हे नाव

फ्रान्समध्ये १८३२ साली 'ल शारिवारी' हे सचित्र विनोदी दैनिक निघाले. त्याचा संस्थापक शार्ल फिलिपाँ याने राजा लुई फिलिप याचे तोंड हळूहळू नासपतीच्या फळात रूपांतरित होताना दाखविले होते, आणि याच राजाला खादाड राक्षसाच्या रूपात रंगविल्याबद्दल ओनोरे दोमिए या चित्रकारास कारावास भोगावा लागला होता. या दैनिकाच्या अनुकरणाने १७ जुलै १८४१ रोजी लंडनमध्ये 'पंच' सुरू झाले. इंग्रजीतील 'कार्टून' हा शब्द मुळात भित्तिचित्राच्या कच्च्या आराखड्यासाठी वापरला जाई. नव्या पार्लमेंट इमारतीसाठी अशा आराखड्यांचे प्रदर्शन भरले असता १८४३ मध्ये 'पंच'ने त्याची टर उडवून आपल्या चित्रकाराचे, जॉन लीच याचे, चित्र 'कार्टून' म्हणून छापले. शब्दाला आजचा अर्थ तेव्हापासून चिकटला.

इंग्रजीतील पंच म्हणजे 'पंच आणि जूडी' या कळसूत्री खेळातला, पाठीला पोक असलेला, हातात सोटा घेऊन सर्वांना बडविणारा विदूषक. मराठीत येताना या नावाचा अर्थ आपोआप बदलला. आपल्याकडे पंच म्हणजे निवाडा करणारे, गावाने मानलेले पाच जण. विलायती विदूषक मराठी वाचकाच्या मनात न्यायाधीश होऊन बसला, आणि थट्टा करणाऱ्याला निवाडा करण्याचा अधिकार नावातूनच मिळाला. मुंबईच्या 'हिंदी पंच'ने आपल्या प्रतीकपुरुषाला 'पंचोबा' असे नाव दिले होते. विठोबा, खंडोबा, म्हसोबा यांच्या पंक्तीत बसणारे हे नाव पाहिले म्हणजे परकी कल्पना किती सहज घरची झाली हे ध्यानात येते.

देशी पूर्वपरंपरा

उपहासाची गोडी मराठी वाचकास इंग्रजी नियतकालिकांनी लावली असे म्हणणे बरोबर होणार नाही. गोदाकाठी पैठणला संत एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडे रचली. त्यांत महारापासून जोश्यापर्यंत आणि वेडीपासून सासुरवाशिणीपर्यंत अनेक सोंगे येतात, आणि सोंगाच्या आडून ढोंगी माणसावर नेमका प्रहार होतो. पैठणहून खाली नदीच्या काठाकाठाने आले की अंबडचा मुलूख लागतो. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब पूर्वी अंबड तालुक्यातच मोडत असे. सध्या ते जालना जिल्ह्याच्याच घनसावंगी तालुक्यात आहे. समर्थांनी 'दासबोधा'च्या दुसऱ्या दशकात मूर्खाची आणि पढतमूर्खाची लक्षणे सांगितली आहेत. लक्षणांची यादी देत जाणे, कोणाचे नाव न घेणे आणि ऐकणाऱ्याला शेजारच्या माणसाकडे पाहून हसायला लावणे, शेवटी स्वतःकडेही पाहायला लावणे, ही पद्धत पुढे वृत्तपत्री उपहासकारांना आयती मिळाली. याशिवाय तमाशातील सोंगाड्या, दारोदार फिरणारे बहुरूपी आणि गोंधळी यांचा वारसा होताच. गावचा पाटील समोर बसलेला असताना सोंगाड्या पाटलाची नक्कल करीत असे व पाटलाला हसण्यावाचून गत्यंतर नसे.

छापील मराठीत या वृत्तीचा प्रवेश लवकर झाला. गोविंद विठ्ठल कुंटे ऊर्फ भाऊ महाजन यांनी १८४१ मध्ये 'प्रभाकर' सुरू केले. त्यातच १८४८ पासून गोपाळ हरी देशमुख यांची 'लोकहितवादी' या नावाने लिहिलेली 'शतपत्रे' प्रसिद्ध झाली. शतपत्रांचा सूर उपदेशकाचा आहे. परंतु आळशी सरदार, पोटभरू भट आणि निष्काळजी कारकून यांची त्यांतील वर्णने वाचताना लेखकाला राग आणि हसू एकाच वेळी येत असावे असे वाटते.

चित्र छापण्याची अडचण

इंग्लंडमध्ये 'पंच'ची चित्रे लाकडी ठशांवरून छापली जात. चित्रकाराने काढलेले चित्र कोरक्या कठीण लाकडाच्या आडव्या छेदावर कोरी. हा ठसा खिळ्यांच्या उंचीचा असल्यामुळे मजकूर आणि चित्र एकाच पानावर, एकाच दाबात छापता येत असत. साप्ताहिकाला हेच हवे असते. मुंबईत शिळाप्रेसचा प्रसार लवकर झाला होता. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर पंचांग छापले. परंतु शिळेवरील छपाई आणि खिळ्यांची छपाई ही दोन वेगवेगळी यंत्रे होत. खिळ्यांनी छापलेल्या पत्रात शिळेवरचे चित्र घालायचे तर ते वेगळ्या पानावर काढून जोडावे लागे, आणि त्यात वेळ व पैसा दोन्ही खर्च होत. चांगले कोरके थोडे होते. मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेत हात तयार होत होते, पण त्यांना वृत्तपत्रात मिळणारे काम तुटपुंजे होते.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा छापखाना काढला. वासुदेव गणेश ऊर्फ वासुकाका जोशी हे त्यांचे सहकारी. या छापखान्याने देवादिकांची आणि ऐतिहासिक पुरुषांची रंगीत चित्रे घरोघर पोहोचविली. राष्ट्रीय भावना जागविण्यासाठी चित्राचा उपयोग होतो हे चिपळूणकरांनी बरोबर हेरले होते. मात्र ज्यांची लेखणी मराठीत सर्वांत बोचरी होती त्यांच्या छापखान्यातून पूज्य चित्रे बाहेर पडली, बोचरी नव्हेत. बोचण्याचे काम त्यांनी अक्षरांकडेच ठेवले. जाळीच्या ठशांचे तंत्र शतकाच्या अखेरीस येईपर्यंत मराठी पत्रांची ही अडचण पुरती दूर झाली नाही.

ठाणे आणि मुंबई येथील 'पंच'

हिंदुस्थानात प्रथम अशी पत्रे काढली ती येथील इंग्रजांनी. 'दिल्ली स्केच बुक' १८५० मध्ये आणि कलकत्त्याचे 'इंडियन शारिवारी' १८७२ मध्ये निघाले. त्यांत इंग्रजी शिकलेला नेटिव बाबू हा थट्टेचा नेहमीचा विषय असे. लंडनच्या 'पंच'ने तर १८५७ च्या उठावाच्या वेळी ब्रिटिश सिंह बंगाली वाघावर झेप घेत आहे असे जॉन टेनियलचे चित्र छापले होते. ज्यांच्यावर झेप घेतली गेली त्यांनी हेच साधन उचलून उलटे फिरवले, ही या पत्रांच्या इतिहासातील खरी रंजक गोष्ट होय. कलकत्त्यात १८७४ च्या सुमारास बंगाली 'बसंतक' निघाले व त्याने तेथील म्युनिसिपालिटीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना लक्ष्य केले. लखनौला मुन्शी सज्जाद हुसेन यांनी १८७७ मध्ये उर्दू 'अवध पंच' काढले. अकबर इलाहाबादी यांच्यासारखे कवी त्यात लिहीत.

मुंबईत यांच्याही आधी, १८५४ मध्ये, गुजराती 'पारसी पंच' निघाले होते. बर्जोरजी नवरोजी यांच्या संपादकत्वाखाली त्याचे पुढे 'हिंदी पंच' झाले. त्याचा मजकूर गुजराती व इंग्रजी असला तरी चित्रांना भाषेची अडचण नसल्याने आणि विषय मुंबई इलाख्याचेच असल्याने येथे त्याचा उल्लेख आवश्यक ठरतो. काँग्रेसची अधिवेशने, व्हाइसरॉयांची आगमने व प्रयाणे, मुंबई म्युनिसिपालिटीतील भांडणे, फिरोजशहा मेहता आणि पुढे गोखले अशा मंडळींच्या हालचाली हे त्याचे विषय. 'हिंद' ही त्यात साडी नेसलेली स्त्री होऊन येते. त्याचा सूर नेमस्त असे. तो चिमटा काढी, रक्त काढीत नसे. लंडनच्या 'रिव्ह्यू ऑफ रिव्ह्यूज'चा संपादक डब्ल्यू. टी. स्टेड याने त्यातील चित्रे आपल्या मासिकात पुनर्मुद्रित केल्यामुळे ती विलायतेतील वाचकांनाही पाहावयास मिळाली.

मराठीतील 'हिंदू पंच' ठाण्याहून निघे. ठाण्यात १८६६ मध्ये काशिनाथ विष्णू फडके यांनी 'अरुणोदय' पत्र सुरू केले होते आणि 'हिंदू पंच' त्याच परिवारातले. १८७० च्या दशकाच्या आरंभापासून सुमारे चार दशके ते चालले. विनोदाला वाहिलेले मराठी साप्ताहिक इतकी वर्षे टिकणे ही साधी गोष्ट नव्हे. त्याची वृत्ती मुंबईच्या 'पंच'हून तिखट आणि जहालांकडे झुकणारी होती. १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी या पत्रावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. नेमस्तांचा नेता आणि जहाल विनोदी पत्र समोरासमोर न्यायालयात उभे राहिले, आणि त्याच सुमारास पत्राचे आयुष्यही संपले.

शब्दांनी काढलेली चित्रे

जानेवारी १८७४ मध्ये चिपळूणकरांची 'निबंधमाला' सुरू झाली. १८८१ पर्यंत तिचे ८४ अंक निघाले आणि त्यांतील बहुतेक मजकूर एकट्या चिपळूणकरांनी लिहिला. प्रतिपक्षाचे म्हणणे आदराने उद्धृत करायचे, त्याला भरभरून मान द्यायचा आणि मग त्याच शब्दांचा दोर करून त्याला बांधायचे, अशी त्यांची रीत होती. संस्कृत साहित्यशास्त्रात वरवर स्तुती आणि आतून निंदा असेल त्याला व्याजस्तुती म्हणतात. पदवीधर ब्राह्मण वाचकाला हे अलंकार शाळेत पाठ झालेले असत, त्यामुळे लेखक कोठे हसत आहे हे त्याला खुणेने कळे. मात्र ज्यांच्यावर ही लेखणी चालली त्यांत मिशनऱ्यांबरोबर लोकहितवादी आणि जोतीराव फुले हेही होते. फुल्यांच्या व्याकरणाची आणि भाषेची चिपळूणकरांनी केलेली चेष्टा आज वाचवत नाही. तिच्यात विद्येपेक्षा जातीचा अभिमान अधिक बोलतो.

फुल्यांचा उपहास वेगळ्या मातीतला होता. 'तृतीय रत्न' या १८५५ मधील नाटकात विदूषक येतो तो थेट तमाशातून आल्यासारखा. भोळ्या कुणब्याला भट कसा फसवितो हे घडत असताना तो मध्ये मध्ये बोलून सर्व उघडे पाडतो. 'गुलामगिरी' (१८७३) मध्ये पुराणांतील अवतारकथांचा संवादरूपाने उलटा अर्थ लावला आहे. 'सत्सार'चे दोन अंक १८८५ मध्ये निघाले, तेही संवादाच्या रूपात. २ मार्च १८८८ रोजी पुण्यास ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीस जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात गेले, आणि जडजवाहीर घातलेली ही मंडळी हिंदुस्थानच्या रयतेची प्रतिनिधी नव्हेत असे त्यांनी राजपुत्रास सांगितले. ज्या काळात चांगले व्यंगचित्र छापणे कठीण होते त्या काळात एका माणसाने स्वतःच्या देहाचे व्यंगचित्र केले, असे या प्रसंगाचे वर्णन करता येईल.

या लेखनाला छापखान्याचे दार सहज उघडत नसे. 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ १८८३ मध्ये लिहून झाला. त्याची पहिली दोन प्रकरणे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या 'दीनबंधु'त आली. पुढची छापली गेली नाहीत आणि फुल्यांनी त्याबद्दल आपला राग लपविला नाही. 'दीनबंधु' हे १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी काढलेले, सत्यशोधकांचे आपले पत्र होते. तेथेही हात आखडला गेला यावरून संपादकाच्या डोक्यावर टांगलेल्या तलवारीची कल्पना येते.

'केसरी' ४ जानेवारी १८८१ रोजी सुरू झाला आणि दुसऱ्याच वर्षी त्याच्या संपादकांना तुरुंग पाहावा लागला. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्याविषयी छापलेल्या मजकुरावरून टिळक आणि आगरकर यांना अब्रुनुकसानीबद्दल शिक्षा झाली. सुटून आल्यावर आगरकरांनी 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' हे पुस्तक लिहिले. तुरुंगातील अन्न, पहारेकरी आणि दोघा मित्रांचे रात्रीचे मोठ्याने चालणारे वाद यांचे त्यांतील वर्णन विनोदी अंगाने केलेले आहे. सरकारविरुद्ध एकही कडवट शब्द न लिहिता तुरुंगाची भीती घालविणारे हे पुस्तक मराठी राजकीय विनोदाच्या इतिहासात उपेक्षित राहिले आहे.

१८८८ मध्ये आगरकरांनी 'सुधारक' काढल्यावर उपहासाचे बाण दोन्ही बाजूंनी सुटू लागले. स्त्रीशिक्षणाची टवाळी करणारी नारायण बापूजी कानिटकर यांची 'तरुणी शिक्षण नाटिका' १८८६ मध्येच आली होती. पुण्यात सनातन्यांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. या काळातील उपहासाचा मोठा भाग परक्या सत्तेविरुद्ध नसून स्वकीयांतील दुबळ्यांविरुद्ध, विशेषतः शिकू पाहणाऱ्या स्त्रियांविरुद्ध होता. राजकीय उपहासाचा गौरव करताना ही बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे.

पंचहौद मिशनमधील चहा

या काळातील सर्वांत यशस्वी उपहास कागदावर झाला नाही. ऑक्टोबर १८९० मध्ये गोपाळ विनायक जोशी यांनी पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानास गावातील प्रतिष्ठितांना बोलाविले. हे गोपाळराव म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती. विक्षिप्तपणासाठी ते सर्वांना ठाऊक होते. व्याख्यानानंतर मिशनच्या मंडळींनी चहा-बिस्किटे पुढे केली. कोणी चहा प्याले, कोणी नुसता हात लावला. न्या. रानडे आणि टिळक दोघेही तेथे होते. गोपाळरावांनी यानंतर हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभव' पत्रातून जाहीर करविली. नुसती यादी. टीका नाही, विशेषण नाही, चित्र नाही.

त्या यादीने पुणे ढवळून निघाले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीसाठी मंडळ नेमले गेले आणि अखेर अनेकांना प्रायश्चित्ताचा मार्ग धरावा लागला. रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. व्याख्यानांतून सुधारणा सांगणारे आणि अग्रलेखांतून धर्म सांगणारे असे दोघेही एका कपाच्या कसोटीला लागले. नेमके शब्द योजून जे साधले नसते ते नावांच्या यादीने साधले.

कायदा आणि दुहेरी अर्थ

१८७० मध्ये भारतीय दंडविधानात १२४-अ हे कलम घालण्यात आले. सरकारविषयी 'अप्रीती' उत्पन्न करणे हा त्यानुसार गुन्हा ठरला. मात्र सरकारच्या कृत्यांविषयी नापसंती दाखवूनही आज्ञापालनाची वृत्ती कायम असेल तर तो गुन्हा नव्हे, असे स्पष्टीकरणही त्यास जोडलेले होते. मार्च १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या सरकारने देशी भाषांतील पत्रांसाठी खास कायदा केला. लॉर्ड रिपनच्या कारकिर्दीत तो रद्द झाला, तरी १२४-अ तसेच राहिले.

या स्पष्टीकरणात उपहासकाराला फट सापडली. प्रत्येक टीकेपूर्वी राणीसरकारच्या न्यायीपणाची आणि आपल्या राजनिष्ठेची ग्वाही द्यायची, आणि मग दुष्काळात सारा वसूल करणाऱ्या दयाळू अंमलदाराचे आभार मानायचे. वाचणाऱ्याला कळे, पकडणाऱ्याला पुरावा सापडत नसे.

पकडणाऱ्याकडे दुसरे साधन होते. १८६८ पासून मुंबई सरकार देशी पत्रांतील मजकुराचे इंग्रजी गोषवारे दर आठवड्यास तयार करवीत असे. सरकारी भाषांतरकाराच्या कचेरीत मराठी, गुजराती, कानडी पत्रे वाचून त्यांतील 'दखलपात्र' मजकूर काढला जाई. कोटी, श्लेष आणि व्याजस्तुती यांचे भाषांतर होत नाही, गोषवारा होतो. 'आमचे मायबाप सरकार' या शब्दांत मराठी वाचकाला ऐकू येणारा सूर इंग्रजी टिपणात उतरत नसे. अशा वेळी भाषांतरकारापुढे दोनच मार्ग राहत. एक म्हणजे शब्दशः अर्थ देऊन लेखकाला राजनिष्ठ ठरविणे, आणि दुसरा म्हणजे आतला अर्थ स्वतः सांगून त्याला द्रोही ठरविणे. चित्राच्या बाबतीत तर चित्राचे वर्णनच करावे लागे. विनोद समजावून सांगितला की तो आरोपपत्रासारखा वाटू लागतो. आज हे सरकारी गोषवारे अभ्यासकांचे महत्त्वाचे साधन आहे, कारण अनेक लहान पत्रांचे मूळ अंक हाती लागत नाहीत. त्यांवर विसंबताना आपण त्या काळचा उपहास सरकारच्या कानांनी ऐकत असतो, हे विसरता कामा नये.

१८९७ साली या गोष्टीला प्राणांतिक गांभीर्य आले. पुण्यात प्लेगचा कहर चालू होता आणि घरझडतीच्या कारभारामुळे लोक संतापलेले होते. १५ जूनच्या 'केसरी'त शिवजयंती उत्सवाच्या वृत्तांताबरोबर 'शिवाजीचे उद्गार' ही कविता आली. ती 'भवानी तलवारीची खूण' या सहीने होती. महाराज जागे होऊन आपल्या राज्याची आजची अवस्था पाहतात आणि दुःख व संताप व्यक्त करतात, अशी तिची कल्पना आहे. मृत थोर पुरुषाला वर्तमानात आणून त्याच्या तोंडून बोलविणे ही उपहासकाराची जुनी युक्ती. सात दिवसांनी, २२ जूनच्या रात्री, प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. २७ जुलैला टिळकांना अटक झाली.

मुंबई हायकोर्टात न्या. स्ट्रॅची यांच्यापुढे खटला चालला. 'अप्रीती' म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ न्यायाधीशांनी ज्यूरीला सांगितला. सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा होय, असे या अर्थाचे टोक निघते. मजकुराच्या इंग्रजी भाषांतरावरून दोन्ही पक्षांत वाद झाला. ज्यूरीत नऊ जण होते. सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तिघा हिंदी सदस्यांनी निर्दोष. ज्यांना ती कविता मराठीत कळू शकत होती ते अल्पमतात राहिले. १४ सप्टेंबर १८९७ रोजी टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्याच वर्षी इस्लामपूरच्या 'प्रतोद' पत्राच्या संपादकास सेशन्स कोर्टाने जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली; अपिलात ती कमी झाली. प्रतोद म्हणजे असूड. १८९८ मध्ये १२४-अ चे शब्द आणखी व्यापक करण्यात आले.

निजामी मुलूख

ब्रिटिश मुलखातील कायद्याची ही कहाणी अंबड, जालना, औरंगाबाद या भागाला जशीच्या तशी लागू होत नाही. अंबड तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात होते. राज्याची दरबारी भाषा १८८४ मध्ये फारसीऐवजी उर्दू झाली. शाळा, कचेरी आणि अर्जविनंत्या यांतून मराठीला जागा थोडी, त्यामुळे मराठी छापखान्याला आणि वाचकवर्गाला वाढण्यास वाव कमी मिळाला. मनमाडहून जालन्यामार्गे जाणारी रेल्वे १९०० मध्ये सुरू झाली. मुंबई-पुण्याच्या पत्रांना इकडे येण्याची सोय तोवर बेताचीच होती. येथे सत्तेची थट्टा जत्रेतल्या सोंगांतून, भारुडांतून आणि तमाशातून होत राहिली. ती छापलेली नसल्यामुळे तिचा सरकारी गोषवाराही निघाला नाही.

'काळ'कर्त्यांची वक्रोक्ती

१८९८ चा कडक कायदा आणि मराठी उपरोधाचा सर्वांत मोठा लेखक हे एकाच वर्षी रंगमंचावर आले, हा योगायोग लक्षणीय आहे. शिवराम महादेव परांजपे यांनी मार्च १८९८ मध्ये पुण्यात 'काळ' सुरू केला. संस्कृत साहित्याचे पंडित असलेले परांजपे पुराणातील एखादी कथा, परदेशचा इतिहास किंवा पशुपक्ष्यांचे एखादे वर्णन घेत आणि त्यातून हिंदुस्थानच्या पारतंत्र्याचे चित्र उभे करीत. इंग्रजांचे नावही न घेता लिहिलेला मजकूर वाचून विद्यार्थी पेटून उठत. गुलामीचे फायदे गंभीर मुद्रेने समजावून सांगण्यात त्यांचा हात कोणी धरला नाही. पूर्वीचे उपहासकार राजनिष्ठेचा मुखवटा चढवीत. परांजप्यांनी तो मुखवटाच विनोदाचा विषय केला. दहा वर्षे ही वक्रोक्ती कायद्याच्या हातून निसटत राहिली. १९०८ मध्ये मात्र त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला होऊन एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. १९१० चा वृत्तपत्र कायदा आल्यावर 'काळ' बंद पडला आणि त्यातील निवडक निबंधांची पुस्तके सरकारने जप्त केली.

पुढील काळ

राजकीय उपहासाची वाट अरुंद झाल्यावर मराठी विनोद सामाजिक विषयांकडे वळला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी १९०२ पासून 'विविधज्ञानविस्तार'मध्ये लिहिलेले 'सुदाम्याचे पोहे' हे त्याचे ठळक उदाहरण. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या त्रिकुटाने सनातन्यांची रेवडी उडविली. सरकारकडे त्यांनी फारसे पाहिले नाही. चित्रांच्या बाजूने शं. वा. किर्लोस्करांनी १९२० नंतर आपल्या मासिकातून व्यंगचित्रांना मानाचे स्थान दिले. राजकीय व्यंगचित्राला वाहिलेले मराठी साप्ताहिक पुन्हा जोमाने उभे राहिले ते १३ ऑगस्ट १९६० रोजी बाळ ठाकरे यांनी 'मार्मिक' काढल्यावर.

सरकारचा धाक विनोदाच्या मृत्यूनंतरही टिकून होता, असे चिपळूणकरांच्या उदाहरणावरून दिसते. त्यांचे निधन १७ मार्च १८८२ रोजी झाले. 'निबंधमाले'तील त्यांचा 'आमच्या देशाची स्थिती' हा शेवटचा मोठा निबंध हयातीत कोणी हरकत न घेता छापला गेला होता. १९१० मध्ये मुंबई सरकारने तो जप्त केला. ही बंदी १९३७ मध्ये इलाख्यात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर उठली.